रडणं शिकवणारी बसंतीबाई

आर्णीच्या बाजारात आजही कोणीतरी शपथेवर सांगतो की आमच्या तांड्यातल्या बसंतीबाईचा आवाज नागपूरच्या एका बाईनं पेटीत कोंडून नेला, आणि तेव्हापासून बसंतीबाई मुकी झाली. तेलाच्या दुकानातून निघालेली ही गोष्ट बांगड्यांच्या दुकानापर्यंत पोचते तोवर तिला शेपूट फुटतं. नागपुरात पेटीचं झाकण उघडलं की तिथं बसंतीबाई रडते म्हणे, आणि इकडं तिचे नुसते ओठ हलतात.

साफ खोटं आहे. मी बळीराम, तिचा शेजारी, आमच्या दोघांत एक कुडाची भिंत. आजच सकाळी माझ्या बकरीनं तिच्या वाळत घातलेल्या तुरीला तोंड लावलं, तेव्हा बसंतीबाईनं माझ्या बापजाद्यांचा जो उद्धार केला तो नाल्यापलीकडच्या तांड्यातही ऐकू गेला असेल. ज्याला तिच्या मुकेपणाची खात्री करून घ्यायची असेल त्यानं एक बकरी घेऊन यावं. बकरी त्याची, शिव्या फुकट.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात चार-दोन दिवस तिचा आवाज बसला होता, एवढं मात्र खरं. तो कशानं बसला ते सांगतोच, पण आधी बाई कोण ते सांगायला पाहिजे.

नात्यानं ती माझी भोजाई, म्हणजे चुलतभावाची बायको. त्यामुळं तिची चेष्टा करणं हा माझा हक्क आणि मला शिव्या देणं हा तिचा. भाऊ रामलाल लवकर गेला. पोरगा अमरसिंग यवतमाळला जिनिंगमध्ये कामाला, सणासुदीला येतो, आईच्या हातची लापसी खातो, जातो. पोरगी तिला झाली नाही. आणि तरी तांड्यातली एकूण एक पोरगी सासरी जाताना जी रडते, ती हिच्याकडून शिकून रडते.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पोरगी दिली की ती दुसऱ्या तांड्याबरोबर निघायची, पुन्हा कुठं गाठ पडेल त्याचा नेम नाही. म्हणून आमची नवरी नुसती रडत नाही, ती शब्दांनी रडते. आईच्या गळ्यात पडून आईला काय म्हणायचं ते, बापाच्या गळ्यात पडून बापाला, मग भाऊ, मग शेजारणी. या रडण्याला आम्ही ढावलो म्हणतो. तो कोणाला आपोआप येत नाही. लग्नाआधी महिनाभर पोरीनं जाणत्या बाईकडं जाऊन शिकायचा. आमच्याकडं जाणती बाई म्हणजे बसंतीबाई. मी तिला रडण्याची मास्तरीण म्हणतो आणि ती मला काय म्हणते ते इथं लिहिता येत नाही.

माझी थोरली लाली. तिचं जमलं तेव्हा नवरदेवाकडं सायकल होती, त्यामुळं पोट्टीला रडू येईना. ढावल्याच्या ऐन मध्यात खुदकन हसायची. बाकीच्या बाया रागावल्या. बसंतीबाई नाही रागावली. लालीचा गळा धरून बसली अन् हळूच म्हणाली, "तू गेल्यावर तुह्या बापाच्या गोष्टीवर कोन हसन व? दुसरं तं कोनीच हसत नाही."

लाली जी फुटली ती घरी येईपर्यंत हमसत होती. भिंतीच्या अलीकडं मी बिडी पेटवायला काडी शोधत होतो, ती बराच वेळ सापडली नाही, एवढंच सांगतो.

तर त्रेसष्टच्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी चालू असताना, तांड्यात जीप आली. तिच्यातून तीन विद्वान उतरले. पहिले दगडवाले. ते टेकडीवर गेले अन् काळ्या दगडाच्या थरांमध्ये जो पांढुरका दगड आहे, ज्यात शंख दिसतात, त्याचे तुकडे फोडून पोत्यात भरू लागले. दुसरे झाडवाले. त्यांनी बांधावरचं गवत उपटून कागदात दाबलं. आमचा नाईक किसनसिंग म्हणजे तांड्याचा प्रमुख. तो मला म्हणाला, "दगड झाले, गवत झालं. आता ही तिसरी काय नेते, पाहून ठेव."

तिसरी म्हणजे सत्यशीला. पंचविशीची, चष्मा, हातात एक जड पेटी. ती म्हणाली, मला तुमचे शब्द पाहिजेत.

"माणसांची बोली वाट सांगते, नाईक," तिनं समजावलं. "तुम्ही कुठून निघालात, कुठं थांबलात, कोणाच्या बोलीतून काय उचललंत, ते शब्दांवरून मागं मागं शोधता येतं."

नाईक घाईघाईनं म्हणाला, "आमी कोनाचं काही उचललं नाही, बाई. पोलिसाईले विचार."

ती इतकी हसली की चष्मा खाली आला. मग नाईकानं विचारायचं ते विचारलं. "गाव कोनतं? लोक कोन?"

"नेरची. आम्ही बौद्ध. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली." आपलं नाव सांगावं तितक्या साधेपणानं तिनं सांगितलं.

दगडवाले अन् झाडवाले आर्णीच्या विश्रामगृहात उतरायचे होते. हिला मात्र तांड्यातच राहायचं होतं, आणि नाईक दाढी खाजवू लागला. शाळेच्या खोलीचं छप्पर उडालेलं. अमक्याच्या घरी सोय नाही, तमक्याच्या घरी पाहुणे. पाहुणे कोणाच्याच घरी नव्हते. खरं कारण सगळ्यांना कळत होतं. तेवढ्यात बसंतीबाई पुढं झाली अन् पोरीच्या हातातली पेटी घेऊन चालू लागली.

"माह्या घरी राहीन ते. मी घोरते, तेवढं आधीच सांगून ठेवते."

दोन-तीन दिवस काही बायांनी बसंतीबाईच्या घरचं पाणी टाळलं. पण कापूस वेचून घसा वाळला की जवळचा माठच आपला. चौथ्या दिवशी सगळ्या तिथंच बसलेल्या.

सत्यशीलेची पेटी म्हणजे टेप, सेलवर चालणारी. दोन चकत्या गरगर फिरायच्या अन् बोललेलं परत ऐकवायच्या. ती चुलीपाशी बसून विचारायची, याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. बसंतीबाई नुसता शब्द द्यायची नाही. जातं म्हटलं की कोणाचं जातं कोणाच्या सासूनं कसं लपवलं, तिथपर्यंत जायची. मी म्हटलं, "सत्यशीलाबाई, हिच्याकडून शब्द घेताना चाळणी घेऊन बसा."

"तू बस चाळनी होऊन," भोजाई म्हणाली. "तुह्या डोक्यात काही राहतच नाही."

एक दिवस झाडांची नावं चालली होती. मोह, पळस, बोर झाली. बसंतीबाई म्हणाली, "अन् रोहिडो."

"रोहिडो? ते कोणतं झाड, याडी?" याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. सगळे म्हणत म्हणून सत्यशीलाही आता तिला याडी म्हणायची.

"झाड हाय का ते तरी मले कुठं माहीत? ढावल्यात येते. 'बापू, तुह्या रोहिड्याच्या सावलीत मी वाढली,' असं म्हनते पोरगी."

रोहिडो म्हणजे बापाचं मोठं पागोटं असावं, असं माझं जुनं मत. ते मी मांडलं. कोणी विचारात घेतलं नाही. दोन दिवसांनी झाडवाले नवे सेल घेऊन आले, तेव्हा सत्यशीलेनं त्यांना गाठलं. ते म्हणाले, रोहिडा हे मारवाडच्या वाळूतलं झाड. पाऊस नाही, पाणी नाही, अन् तरी फुलतं, शेंदरी फुलांनी भरून जातं. या तुमच्या रानात मी काही पाहिलं नाही.

सत्यशीलेनं हे बसंतीबाईला सांगितलं तेव्हा तव्यावरची बाटी जळाली.

"म्हंजे माही याडी, तिची याडी, तिचीबी याडी," बसंतीबाई बोटांवर मोजत म्हणाली, "कोनी पाह्यलंच नाही ते झाड?"

"पाहिलं नाही," सत्यशीला म्हणाली. "पण सोडलंही नाही."

मग तिनं आपली अडचण सांगितली. बोलण्यातून गेलेले असे शब्द रडण्यात टिकले आहेत. तिच्या गुरुजींचं म्हणणं, या बोलीची सगळ्यात जुनी रूपं ढावल्यातच सापडतील. पूर्ण ढावलो मिळाला नाही तर तिचा प्रबंध अर्धा राहील. "याडी, एकदा पेटीपुढं म्हणाल?"

बसंतीबाईनं जळालेली बाटी कोंबड्यांना टाकली. "नाही, छोरी. ढावलो पोरगी घरातून निघते तवाच. रिकामा ढावलो रडला तं तांड्यातल्या पोट्ट्याइले चांगलं नसते म्हनतात. अन् तू कोर हाय." कोर म्हणजे आमच्या बाहेरचं माणूस. "नसाब बसन माह्यावर. उद्यापासून एकबी बाई आपली पोट्टी माह्याकडं शिकायले धाडनार नाही. मंग मी काय करू? बळीरामची बकरी राखू?"

नसाब म्हणजे आमची पंचायत. तिनं हे हसत म्हटलं खरं, पण मला माहीत होतं की घरात पोरगी नसलेल्या या बाईचं अंगण पोरींनी भरतं ते या एका गोष्टीमुळं. तेवढं गेलं की तिच्याकडं चूल अन् मी, दोनच उरतो.

सत्यशीलेनं पुन्हा विचारलं नाही. बसंतीबाईलाच चैन पडेना. ती एकदा म्हणाली, "रडत नाही, नुसते शब्द सांगते, चालते का पाह्य." बसली. पहिले दोन शब्द आले अन् पुढं गाडी अडली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच. गळ्यात गळा असल्याशिवाय ढावलो तिच्या तोंडी येतच नव्हता. महिना महिना पोरींना शिकवणारी बाई, अन् पाढा म्हणायला उभं केलेल्या पोरासारखी वर आढ्याकडं पाहत राहिली.

म्हटलं, आपण उपयोगी पडावं. मी बायकोची ओढणी डोक्यावरून घेतली, घुंगट काढला अन् बसंतीबाईसमोर जाऊन बसलो. "याडी, मी चालली व सासरी. पड माह्या गळ्यात."

ती पडलीसुद्धा. पण गळा धरला अन् माझ्या मिशा तिच्या गालाला टोचल्या. त्यानंतर तिच्या तोंडून जे आलं ते ढावल्यातलं नव्हतं. पेटी चालू होती. आज नागपूरच्या कुठल्याशा कपाटात आमच्या गोर बोलीतल्या शिव्यांचा जो नमुना जपून ठेवलेला आहे, तो माझ्यावरचा आहे. विद्येसाठी माणसानं काहीतरी द्यावं.

होता होता सत्यशीलेचा जायचा दिवस आला. आर्णीहून बस होती आणि मी छकडा जुंपला होता. तिनं पेटी पट्ट्यानं बांधून गाडीत ठेवली, वह्या ठेवल्या. ढावलो मिळाला नाही याचा तिनं शब्दानं उल्लेख केला नाही. उलट बसंतीबाईच्या पाया पडून म्हणाली, "याडी, येते. बाजरीची खिचडी पोटभर खाल्ली. घोरणं पण गोड वाटायला लागलं होतं."

बसंतीबाई काहीतरी टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिनं तोंड उघडलं अन् मग दोन्ही हात त्या पोरीच्या गळ्यात टाकले आणि ढावलो सुरू झाला.

मी जन्मभर ढावलो ऐकला आहे. तो नवरीनं धरायचा अन् याडीनं सूर द्यायचा. इथं याडीनंच धरला. माझ्या छोरी, माझी चूल आज कोणाशी बोलेल, अशी सुरुवात. मग सासर आलं. तुझं सासर नागपूर, तिथं भिंतीभिंतीला पुस्तकं, गुरुजी तुझे सासरे, ते तुला उपाशी तर ठेवणार नाहीत? मग तो रोहिडो आला. आमच्या बापांनी मागं टाकलेलं झाड तू माझ्या दारात आणून लावलंस. सत्यशीला हुंदके देत होती. पेटी पट्ट्यात बांधलेली, गाडीत. आणि त्याच रडक्या सुरात, ताल न सोडता बसंतीबाई म्हणाली, "अवं छोरी, उघड ना ती पेटी, मी कितीक वेळ रडू..."

पट्टा मी सोडला. कळ सत्यशीलेनं दाबली, एका हातानं. दुसरा हात बसंतीबाईनं सोडला नाही.

आता ऐका, पुढं काय झालं. सकाळची वेळ, वारा पडलेला. नाल्यापलीकडच्या रामसिंग नाईकाच्या तांड्यातल्या बाया वावरात कापूस वेचत होत्या. त्यांच्या कानावर ढावलो गेला. आमच्यात ढावलो ऐकला की कोणाची पोरगी, हे विचारत बसायचं नसतं. पोरगी चालली आहे, धावायचं. त्या जशा होत्या तशा, कंबरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या, नाला ओलांडून धावत आल्या अन् सरळ सत्यशीलेच्या गळ्यात पडल्या. नवरीला रिकाम्या हातानं भेटायचं नसतं, म्हणून प्रत्येकीनं ओटीतला मूठमूठ कापूस तिच्या पदरात घातला. आमच्या तांड्यातल्या बायाही मग कुठवर उभ्या राहतील? माझी बायकोही त्यात. कोणी आपल्या आईची आठवण काढली, कोणी मेलेल्या बहिणीची. प्रत्येकीच्या पिढीचा ढावलो वेगळा, शब्द वेगळे. पेटी गरगर फिरत होती, तिच्यावर कापूस उडत होता अन् मधोमध चष्मा हातात धरून उभी नेरची पोरगी.

मागून रामसिंग नाईक आला, पागोटं सावरत, तावातावानं. "किसनसिंग! नाल्याएवढं अंतर, अन् सोयऱ्याले आवतन नाही? कोनाचं लगन हाय? नवरदेव कुठं हाय?"

किसनसिंग नाईक माझ्याकडं पाहू लागला. मी बैलाकडं पाहू लागलो.

सत्यशीला त्या दिवशीची बस धरून गेली, पदरात कापूस घेऊन. ती गेल्यावर बायांनी डोळे पुसले, एकमेकींना विचारलं आणि मग खरा गोंधळ झाला. लग्न नाही, नवरी कोर, अन् ढावलो! दोन्ही तांड्यांचा नसाब बसवायचं ठरलं. पण ज्या बाईला विचारायचं तिचा गळा त्या सकाळी असा बसला होता की तोंडातून हवेशिवाय काही येत नव्हतं. नसाब थांबला. तेवढ्या दिवसांत बाजार भरला अन् पेटीत आवाज कोंडल्याची ती अफवा आर्णीला पोचली.

त्या दिवसांत भिंतीपलीकडं शांतता होती. मी मुद्दाम बकरी सोडली. काही नाही. बसंतीबाई उंबऱ्यात बसून नुसती पाहायची, अन् तिच्या अंगणात कोणी पोरगी फिरकली नाही. आमच्याच तांड्यातल्या धनीबाईच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, तिला आईनं घरातच ठेवलं होतं. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या वाट्याच्या शिव्यांची आठवण आली.

सत्यशीलेचा प्रबंध पुढं पूर्ण झाला. पासष्ट सालच्या उन्हाळ्यात ती मारवाडात जाऊन आली अन् तिथून थेट आमच्याकडं. येताना रोहिड्याची फुलं आणली होती, कागदात दाबून. रंग उडून तांबूस झालेला. बसंतीबाईनं ती बराच वेळ ओंजळीत धरली, मग मला दाखवली. "पाह्य, बळीराम. तुह्या पागोट्यासारखं दिसते का काही?" आता ढावलो शिकायला आलेल्या प्रत्येक पोरीला ती आधी ते फूल दाखवते. आमच्या पोरी आता ठाऊक असलेल्या झाडासाठी रडतात. या दोघींचे उपकार माझ्यासारख्या टवाळ माणसानं कसे मानायचे, मला कळत नाही. म्हणून हे लिहून ठेवलं.

राहिला तो नसाब. गळा सुटल्यावर तो बसला. दोन्ही नाईक घोंगडीवर, बाप्ये मागं, बाया कुडाच्या आडोशाला. किसनसिंग नाईकानं गंभीर आवाजात विचारलं, "बसंती, लगन नाही, नवरदेव नाही, मंग ढावलो कायले रडली? तुले दंड काहून करू नये?" तिनं उत्तर दिलं. त्यावर रामसिंग नाईक आधी हसला, मग आमचा नाईक, अन् कुडाआडच्या बाया तर इतक्या की नसाब तिथंच उठला. धनीबाईनं दुसऱ्या दिवशी पोरगी धाडली. उत्तर हे:

"पोरगी घरातून चालली तं याडी रडते, नाईक. रडाचं काम आमा बायाइचं, ते आमी केलं. नवरदेव आनाचं काम तुमा बाप्या मानसाइचं होतं. तुमी नाही आनला, त्याचा दंड मले कायले?"